भाव सांगितला की पलीकडे शांतता: डेन्मार्कवाले खरंच उशिरा बोलतात का?

पॅकहाऊसवाली

नमस्कार मंडळी. विषय भाषेचा आहे, पण त्यात पैसे अडकलेत, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

पिंपळगाव बसवंतला मामांचं द्राक्षांचं पॅकहाऊस आहे. फेब्रुवारी-मार्चमध्ये माल युरोपला जातो, बहुतेक सगळा रॉटरडॅमच्या एका डच आयातदारामार्फत. यंदा त्याच्याच ओळखीतून डेन्मार्कच्या एका खरेदीवाल्या बाईंशी थेट बोलणं सुरू झालंय. कॉल मी लावते, लॅपटॉप माझा, बोलतात मामा. त्यांचं इंग्रजी कामापुरतं, पण खणखणीत.

होतं असं. मामा भाव सांगतात, पाच किलोच्या पेटीला (अर्ध्या किलोचे दहा पनेट, म्हणजे छोटे डबे) इतके युरो. पलीकडे बाई गप्प. नेट गेलं म्हणावं तर त्यांच्या मागच्या खिडकीत झाड हलतंय. मामांना ती शांतता सोसत नाही. लगेच, 'ओके मॅडम, टेन सेंट लेस.' आणि तेवढ्यात बाई म्हणतात, 'येस, दॅट इज फाइन.' आता हे 'फाइन' आधीच्या भावाला होतं की नंतरच्या, ते विचारायचं कोणी? एका कंटेनरमध्ये पेट्या हजारांनी असतात, दहा सेंटचा हिशेब तुम्हीच करा.

डच माणसाचं बरोबर उलटं. मामांचं वाक्य संपायच्या आत त्याचं 'नो, नो' सुरू. मामांचं मत ठरलेलं आहे: डच उद्धट, डॅनिश गर्विष्ठ. मला ते पटत नाही, पण माझ्याकडे दुसरं उत्तरही नाही. कुठल्या भाषेतले लोक उत्तर द्यायला किती वेळ घेतात, हे कोणी मोजलंय का?

जेलरोडचे काका

ताई, मोजलंय, चांगलं मिलिसेकंदांत मोजलंय. मी भाषेचा पंडित नव्हे. टेलिफोन खात्यात स्विचिंगला होतो, आता घरी निवांत असतो. पण 'पलीकडचा उशिरा का बोलतो' ही तक्रार आमच्या खात्याचीही जुनी, त्यामुळे या विषयाचं वाचन काही सुटलं नाही.

नेदरलँड्समध्ये नायमेगन इथे मॅक्स प्लँक संस्थेचं भाषा-मानसशास्त्राचं केंद्र आहे. तिथल्या तान्या स्टिव्हर्स, स्टीफन लेव्हिन्सन आणि त्यांच्या सोबत्यांनी २००९ मध्ये दहा भाषांचा अभ्यास छापला. डॅनिश, डच, इंग्रजी, इटालियन, जपानी, कोरियन, लाओ, मेक्सिकोतली त्सेल्ताल, पापुआ न्यू गिनीच्या रोसेल बेटावरची येली द्न्ये आणि नामिबियातल्या आखोए हाइओम लोकांची भाषा. भारतातली एकही नाही. तेव्हा या अभ्यासाचं नाव घेऊन कोणी मराठीचा आकडा सांगितला, तर कुठून आणला ते जरूर विचारा.

लोकांना प्रयोगशाळेत बसवलं नव्हतं. ओळखीच्या माणसांच्या चालू गप्पांचं चित्रण घेतलं, त्यातले हो-नाहीचे प्रश्न वेचले, आणि प्रश्न संपल्यापासून उत्तर सुरू होईपर्यंतचा वेळ मोजला. दहा भाषांची मिळून सरासरी आली सुमारे २०८ मिलिसेकंद, म्हणजे सेकंदाचा पाचवा हिस्सा. सर्वांत जलद जपानी, सरासरी ७. आणि सर्वांत सावकाश डॅनिश, ४६९. इथवर मामांचा कान बरोबर.

पण हा आकडा मामांना सांगायची घाई करू नका. ४६९ म्हणजे अर्धा सेकंदही नाही. जिच्यात माणसाचा धीर सुटतो, खिडकीतलं झाड हलताना दिसतं, ती शांतता एवढीशी नसते. शिवाय हा आकडा डॅनिश माणूस डॅनिश माणसाशी, समोरासमोर, स्वतःच्या भाषेत बोलतो तेव्हाचा. तुमच्या कॉलवर दोघंही परक्या इंग्रजीत बोलताहेत. आणि सरासरी बाजूला ठेवली, तर सर्वांत जास्त वेळा आढळलेला गॅप दहाही भाषांत शून्य ते दोनशे मिलिसेकंदांमध्येच होता. डॅनिशमध्येसुद्धा.

आता आमच्या खात्याचा भाग. आवाज इकडून तिकडे जायला एका बाजूने पाव सेकंद लागतो असं धरा. मामांचा भाव बाईंच्या कानावर पाव सेकंदाने पडतो. त्या आपल्या सवयीने अर्धा सेकंद घेतात. त्यांचं उत्तर परत यायला आणखी पाव. मामांच्या कानातली शांतता झाली एक सेकंदाची, बाईंच्या कानातली अर्ध्याच सेकंदाची. एकच बोलणं, पण दोन टोकांना दोन घड्याळं, आणि दुसऱ्याचं घड्याळ कोणालाच दिसत नाही. पाऊण सेकंद उलटल्यावर मामांनी 'टेन सेंट लेस' म्हटलं, तेव्हा बाईंचं 'येस' आधीच तिकडून निघालेलं होतं. ते पहिल्या भावाला होतं. मामांना ते सवलतीच्या नंतर ऐकू आलं, एवढंच.

पूर्वी परदेशी कॉल उपग्रहावरून जायचे. पुणे-नाशिक रस्त्यावर नारायणगावजवळच्या आर्वीला १९७१ मध्ये उपग्रह केंद्र सुरू झालं, तिथली ती मोठी तबकडी जुन्या लोकांना आठवत असेल. भूस्थिर उपग्रह ३५,७८६ किलोमीटर उंचीवर असतो. आवाज एकदा वर जाऊन खाली यायलाच पाव सेकंद, उत्तर धरलं तर अर्धा. दोन्ही टोकं एकदम 'हॅलो' म्हणायची, एकदम थांबायची, पुन्हा एकदम 'हॅलो'. आता समुद्राखालच्या केबलमधून प्रकाशाला हजार किलोमीटरला पाच मिलिसेकंद पुरतात, म्हणजे युरोप फार लांब राहिलेलं नाही. वेळ खातं ते बाकीचंच: व्हिडिओ कॉलचं अॅप आवाजाचे तुकडे थोडे साठवून मग वाजवतं, वायफाय अडखळतं, ब्लूटूथचा हेडफोन आपली भर घालतो. आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाची जी.११४ नावाची शिफारस आहे: एका बाजूचा उशीर १५० मिलिसेकंदांच्या आत ठेवा, ४०० च्या पुढे तर जाऊच देऊ नका.

शांततेतून 'नाही'च का ऐकू येतं, याचाही अभ्यास आहे. कोबिन केंड्रिक आणि फ्रान्सिस्को तोरेइरा यांनी २०१५ मध्ये इंग्रजी फोनसंभाषणं तपासली. आमंत्रण, विनंती, काही देऊ करणं, यांना मिळालेली उत्तरं. सुमारे ७०० मिलिसेकंदांच्या आत आलेल्या उत्तरांत होकार जास्त, त्यापुढे नकार वरचढ. दहा भाषांच्या अभ्यासातही होकार लवकर येतो, नकार रेंगाळतो. तेव्हा सेकंदभर थांबलेला माणूस नकार देणार, हे मामांनी आयुष्यभर बाजारात शिकलेलं खोटं नाही. फक्त या सेकंदातला अर्धा सेकंद बाईंचा नाही, लाइनचा आहे. म्हणून बाईंचा होकार नकाराच्या वेळेला पोचतो.

आणि लाइनचा दोष माणसावर जातो, हेही तपासलेलं आहे. २०१४ मध्ये जर्मन संशोधकांनी कॉलमध्ये मुद्दाम उशीर घालून पाहिला. लोकांनी पलीकडच्या माणसालाच कमी मनमिळाऊ, कमी लक्ष देणारा ठरवलं. गर्विष्ठ हा शब्द त्यांनी वापरला नसेल, मामांनी वापरला.

सटाण्याची सून

काका, पटलं. पण एका ताटाभोवती बसल्यावर मध्ये कुठली लाइन?

माझं माहेर नाशिकचं, गंगापूर रोडला. घरी एकाचं बोलून झालं की दुसरा बोलणार. सासर सटाण्याचं. पंगतीत चौघं एकदम बोलतात, पाचवा वाढताना बोलतो, आणि सगळ्यांना सगळ्यांचं कळतं. लग्नानंतर कितीतरी दिवस मी आपली कोणी थांबेल म्हणून वाट बघत बसायचे. शेवटी नणंदेने विचारलं, 'वहिनी, तुम्ही बोलत नाही, काही राग आहे का?' घ्या! मला वाटत होतं हे मला बोलू देत नाहीत, त्यांना वाटत होतं ही रुसलीय. भाषा दोन्हीकडे मराठीच.

डेबोरा टॅनन या अमेरिकन भाषाशास्त्रज्ञ बाईंनी हेच पकडलंय. १९७८ मधल्या थँक्सगिव्हिंगच्या एका जेवणातल्या गप्पा त्यांनी टेप केल्या. त्या स्वतः धरून सहा जण: तिघं न्यूयॉर्कचे, दोघं कॅलिफोर्नियाचे, एक ब्रिटिश बाई. न्यूयॉर्कवाले एकमेकांच्या वाक्यात घुसून बोलत होते, त्यांच्या लेखी ती आपुलकी. बाकीच्यांना शिरायला फटच मिळेना. इंग्रजी सगळ्यांचीच मातृभाषा. त्यामुळे 'डॅनिश असे, डच तसे' म्हणण्याआधी मी म्हणेन, घर कुठलं ते विचारा.

आता मी वाट बघत नाही. वाढता वाढता बोलते.

कांदेवाला, लासलगाव

एवढं मिलिसेकंद-बिलिसेकंद कशाला? मामांना म्यूट करा.

गंमत सोडा. काका, ते जपानी ७ मिलिसेकंद काही घशाखाली उतरत नाही. आमच्या बाजार समितीत लिलावाला ट्रॉलीभोवती व्यापारी उभे राहतात, आकड्यावर आकडा पडतो, पण कोणी ऐकल्यापासून ७ मिलिसेकंदांत तोंड उघडतो म्हणाल तर नाही. तेवढ्यात पापणीही लवत नाही.

जेलरोडचे काका

कांदेवाले भाऊ, शंका रास्त आहे. ७ ही सरासरी. प्रश्न पूर्ण संपायच्या आधीच सुरू झालेलं उत्तर त्यात उणे आकडा म्हणून धरलंय. काही उत्तरं शून्याच्या अलीकडे, काही पलीकडे, बेरीज-वजाबाकी होऊन ७ उरले. सगळे जपानी सातव्या मिलिसेकंदाला बोलतात असा अर्थ नाही.

पण तुमच्या शंकेत खरी मेख आहे. धावण्याच्या शर्यतीत पिस्तुलाच्या आवाजानंतर १०० मिलिसेकंदांच्या आत कोणी हलला, तर त्याने आवाज ऐकून नव्हे, अंदाजाने सुरुवात केली असं धरून फाउल देतात. बोलण्याला तर त्याहून जास्त वेळ लागतो. नुसतं चित्र बघून त्याचं नाव उच्चारायला सुमारे ६०० मिलिसेकंद, अख्खं साधं वाक्य जुळवायला दीड सेकंदाच्या घरात. आणि गप्पांमधला गॅप दोनशे. हिशेब लागत नाही ना? लेव्हिन्सन आणि तोरेइरांनी २०१५ मध्ये हाच हिशेब मांडला. तो लागतो एकाच रीतीने: समोरचा बोलत असतानाच आपलं उत्तर तयार होत असतं, आणि त्याचं वाक्य कुठे संपणार याचा अंदाज घेऊन आपण तोंड उघडतो. त्याच वर्षी सारा ब्योगेल्स आणि सहकाऱ्यांनी मेंदूच्या लहरी मोजून दाखवलं की उत्तराचा सुगावा प्रश्नाच्या मधेच लागला, तर अर्ध्या सेकंदाच्या आत मेंदू उत्तराच्या तयारीला लागतो. प्रश्न संपायची वाट बघत नाही.

तुमच्या लिलावातही तेच. कांदा आधी हातात घेऊन पाहिलेला, मनात आकडा तयार, फक्त मागच्याचा आकडा संपण्याची खोटी.

मूळ सिद्धांत याहून जुना, १९७४ चा. हार्वी सॅक्स, इमॅन्युएल शेग्लॉफ आणि गेल जेफरसन या तिघांचा. वाक्य संपण्याची जागा ऐकणाऱ्याला आधीच हेरता येते, म्हणून एकाच्या मागोमाग दुसरा, मध्ये फार रिकामं नाही आणि फार एकावर एकही नाही. एक जाता जाता: जपानीतही मराठीसारखंच क्रियापद शेवटी येतं. मग तिथले लोक वाक्याच्या शेवटापर्यंत थांबून उशिरा बोलत असतील, असा तर्क कोणीही करील. आकडा नेमका उलटा आला.

यातून डचांची बाजूही कळते. दहा भाषांत डच सरासरीपेक्षा जलद आहेत. मामांच्या वाक्यात आकडा ऐकू आला की त्याचं उत्तर तयार. पुढचं 'पर बॉक्स, सर' त्याच्या कामाचंच नाही.

सुरगाण्याचे मास्तर

थोडा वेगळा धागा ओढतो. सुरगाणा तालुक्यात आश्रमशाळेवर शिकवतो. माझ्या वर्गातल्या पोरांची घरची बोली कोकणी (समुद्राकाठची नव्हे, आमच्या डोंगरातली), पुस्तक प्रमाण मराठीत. तपासणीला आलेले साहेब प्रश्न विचारतात, श्वास घेण्याइतकंही थांबत नाहीत, लगेच पुढच्या पोराकडे बोट. शेरा लिहितात: 'विद्यार्थी प्रतिसाद देत नाहीत.'

मेरी बड रो या अमेरिकन शिक्षणतज्ज्ञ बाईंनी वर्गांतली ध्वनिमुद्रणं तपासली, १९७४ च्या सुमाराची गोष्ट. प्रश्नानंतर शिक्षक सरासरी एक सेकंद थांबत होते. तेच तीन सेकंद थांबायला शिकवलं, तर उत्तरं लांबली, न बोलणारी मुलं बोलायला लागली, 'माहीत नाही' कमी झालं. काकांनी नुसत्या शब्दाला ६०० मिलिसेकंद सांगितले, ते आपल्या भाषेत. पोराला प्रश्न प्रमाण मराठीतून आपल्या बोलीत आणायचा, उत्तर परत प्रमाणात न्यायचं. त्याला एक सेकंद म्हणजे काहीच नाही.

आणि काही ठिकाणी प्रश्न सेकंदांचा नसतोच. सुसन फिलिप्स या संशोधक बाईंनी अमेरिकेत ओरेगनमधल्या वॉर्म स्प्रिंग्जच्या आदिवासी मुलांचा वर्ग पाहिला. सगळ्यांसमोर, शिक्षकाने बोट दाखवल्यावर बोलायची त्यांच्या समाजात रीतच नव्हती. तीच मुलं गटात काम करताना भरपूर बोलत. माझ्याकडेही प्रार्थनेनंतर ओळीत उभं करून विचारलं तर मुकी, नाचणीच्या शेतात विचारलं तर माझंच तोंड बंद करतात.

म्हणून कांदेवाल्या भाऊंच्या म्यूटला माझा विरोध. मामांना गप्प बसवू नका, थांबवा. भाव सांगितल्यावर मनात 'एक हजार एक, एक हजार दोन, एक हजार तीन' म्हणायला सांगा. मी वर्गात तेच करतो. पहिले दोन आठवडे जीव जातो, हे आधीच सांगून ठेवतो.

पॅकहाऊसवाली

सगळ्यांचे खूप आभार. मामांना वाचून दाखवलं. 'गप्प बसायचे पैसे मिळतात हे आधी कोणी सांगितलं असतं तर' असं म्हणाले, आणि मग सटाण्याच्या पंगतीवर बराच वेळ हसले. त्यांची बहीण तिकडेच दिलेली आहे.

काका, आमच्या लाइनचा उशीर किती आहे हे मोजता येईल का? पाव सेकंद तुम्ही धरून चाललात, इथे तो अर्धाही असेल. पॅकहाऊसचं वायफाय प्रीकूलिंगच्या खोलीमागे आहे, तिथे पत्र्याच्या जाड भिंती.

जेलरोडचे काका

येईल की. बऱ्याच व्हिडिओ अॅपमध्ये कॉल चालू असताना स्टॅटिस्टिक्सचं पान उघडतं, तिथे लेटन्सी मिलिसेकंदांत दिसते. पण त्यात हेडफोनचा उशीर येत नाही. म्हणून जुनी युक्ती सांगतो. पलीकडच्या माणसाबरोबर आलटून पालटून आकडे म्हणा. तुम्ही एक, तो दोन, तुम्ही तीन, असं वीसपर्यंत, आणि तुमच्या टोकाला रेकॉर्ड करा. मग तोच खेळ घरात कोणाशी तरी समोरासमोर खेळा, तेही रेकॉर्ड करा. तुमच्या आकड्यानंतरचा गॅप दोन्हीकडे ताडून बघा. जो जास्तीचा निघेल तो ढोबळमानाने जाण्या-येण्याचा मिळून उशीर. डेन्मार्कच्या बाईंना आकडे म्हणायला लावू नका हो, डचवाल्याशी सलगी असेल तर त्याला सांगा.

लॅपटॉप केबलने राऊटरला जोडा. मामांचा ब्लूटूथ काढा, वायरचा हेडफोन द्या. आणि एक: दहापैकी नऊ भाषांत, विचारणारा समोरच्याकडे बघत असेल तर उत्तर लवकर येतं असं दिसलं. मामा स्क्रीनवरच्या बाईंच्या चेहऱ्याकडे बघत असणार, कॅमेरा वर आहे. म्हणजे बाईंना मामांची नजर खाली दिसते. कॅमेरा बाईंच्या चेहऱ्याच्या जितका जवळ आणता येईल तितका आणा.

पॅकहाऊसवाली

कॉल झाला. वायरचा हेडफोन, केबल, लॅपटॉपखाली पनेटच्या दोन रिकाम्या पेट्या, सगळं केलं. मामांनी भाव सांगितला आणि मी त्यांच्या हातात रेसिड्यूचा (फळावर उरलेल्या औषधाच्या अंशाचा) रिपोर्ट दिला, वाचत बसायला. शांतता होतीच, पण आधीपेक्षा कमी वाटली. मग बाई म्हणाल्या, 'नो.'

पण ते 'नो' कुठल्या आकड्याला, हे तरी स्पष्ट होतं. पुढे त्यांनीच आपला आकडा सांगितला, आणि तो मामांच्या 'टेन सेंट लेस'पेक्षा वरचा निघाला. मामांनी रिपोर्ट वाचता वाचता 'ओके' म्हटलं, घाई न करता.

डचवाल्याशी आकड्यांचा खेळ खेळून पाहिला. सातवर आल्यावर माझं सात संपायच्या आधीच तो आठ म्हणाला.